मधली कोरी ओळ

ताई, तुझ्या वह्या मोजल्या. एकतीस आहेत. नोकरी बत्तीस वर्षांची झाली, म्हणजे एक कमी. तुझी भावजय वंदना म्हणते, ज्या पावसाळ्यात तुझ्या वर्गाचं छत गळलं होतं त्या वर्षीची भिजून गेली असेल. असेल. तरी मी दोनदा कपाट रिकामं करून पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, तुझी शाळेची पिशवी उलटी केली. पिशवीत खडूचा चुरा, एस.टी.ची तिकिटं आणि अर्धा बिस्किटाचा पुडा निघाला. वही नाही.

तू जाऊन आज चोवीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले. तुझ्या मागच्या दोन खोल्यांना कुलूप लावायचं की नाही, हे घरात अजून ठरलेलं नाही. मी कार्यालयातून आलो की अंगण ओलांडून तिकडे जातो आणि एखादी वही काढून बसतो. सव्वीस वाचून झाल्या, पाच राहिल्या.

तू कुठे शिकलीस, कोणत्या गावात किती वर्षं होतीस, कोणता सत्कार झाला, हे सगळं कार्यक्रमात सांगून झालं आहे. ते इथे पुन्हा लिहीत नाही. माझ्याकडे तुझ्याशी बोलायचं एकच काम बाकी आहे. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी मी तुला एक वाक्य बोललो होतो. त्याची माफी मागायची होती. तू अकरा दिवस रुग्णालयात होतीस. त्यातल्या नऊ दिवशी मी तुझ्याजवळ एकटा बसलो. नऊ वेळा संधी होती आणि एकदाही मागितली नाही. ते वाक्य मी पुढे लिहीनच, पण त्याच्या आधी तुझ्या वह्यांबद्दल लिहावं लागेल. त्याशिवाय मी काय मोडलं ते कळणार नाही.

प्रत्येक पोराला एक पान. पानावर वरती तुझ्या अक्षरात काय घडलं ते: आज अमक्याने तमक्याची पाटी फोडली, आज अमकी पहिल्यांदा फळ्यापर्यंत आली. त्याखाली एक ओळ कोरी. मग त्या पोराने स्वतःबद्दल सांगितलेलं, जसं सांगितलं तसं. जूनमध्ये एकदा, दिवाळीनंतर एकदा, मार्चमध्ये एकदा. गुण कुठेच नाहीत.

तुझ्या नोकरीला दहाएक वर्षं झाली असतील तेव्हा मी पहिल्यांदा अशी वही हातात घेतली होती.

"याच्यात आकडा कुठी आहे?" मी विचारलं.

"नाई."

"मंग हे रेकॉर्ड कायचं?"

"पोरगं सोताले काय समजते, त्याचं."

"आन हे मंधातली ओळ कोरी काऊन सोडतं? वहीचं पान फुकट चाललं."

तू माझ्या हातातून वही घेतलीस. "पोरगं काय वागलं थे वर. पोरगं कसं आहे थे खाली. दोन्हीच्या मंधात जागा पाह्यजे, बाबू. नाई तर लोक दोन्ही एका ओळीत लिहून टाकतात. पाटी फोडली, म्हनजे फोड्याच आहे."

"आन खालचं कोन लिवते?"

"खालचं थेच पोरगं सांगन. मी नाई."

मी तेव्हा हसलो होतो. मोजणी खात्यातला माणूस मी. टेपेने मोजता येत नाही ते मला वहीत लिहिण्यासारखं वाटत नव्हतं.

आता सव्वीस वह्या वाचल्यावर मला जे दिसतं ते सांगतो, चुकत असेन; तू असतीस तर दुरुस्त केलं असतंस. पहिलीतली पोरं स्वतःबद्दल सांगताना आजूबाजूचं सांगतात. "माझ्याकडे दोन बकऱ्या आहेत." "माझी चप्पल निळी आहे." "मी जोरात धावतो." सहा वर्षांच्या पोराला आपण म्हणजे आपली बकरी, आपली चप्पल, आपलं धावणं. तिसरीत गेलं की त्यात शेजारचं पोर येतं. "मी रोशनीपेक्षा हळू वाचते." "माझी चित्रं आदित्यसारखी नाही येत." आणि चौथीपर्यंत दुसऱ्याचं तोंड पोराच्या तोंडात येऊन बसतं. "काका म्हणतात मी कामाचा नाही." "मी रडत नाही म्हणून मी चांगली आहे." एका पानावर तर एका मुलाचं एवढंच आहे: "मी ढ आहे. सगळ्यांना माहीत आहे." त्याच पानावर मार्चमध्ये त्याचंच वाक्य आहे: "मला बेरीज येते. हातचा विसरतो." या दोन वाक्यांच्या मधे नऊ महिने आहेत. त्या नऊ महिन्यांत तू रोज काय केलंस, ते पानावर नाही. पण त्यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुझ्या शाळेच्या मैदानाची हद्द मोजायला मीच आलो होतो, आठवतं? आंजीच्या बाजूची ती दोन खोल्यांची शाळा. शेजारच्या शेताचं कुंपण आत सरकलं अशी तक्रार होती. माझा माणूस त्या दिवशी आला नाही, तर तू म्हणालीस, माझी चौथीची पोरं टेप धरतील. आणि आकडा वाचायला तू नेमकी पौर्णिमाला उभी केलीस. नाव विचारलं तर ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "पौर्णिमा. मी मागे बसते." मी तुला बाजूला घेऊन म्हणालो, "हिच्या तोंडातून आवाज निंगत नाई, दुसरी दे." तू म्हणालीस, "टेप धर न तू."

पौर्णिमाने आकडा लगेच वाचला नाही. टेप मधे झोल खात होती. ते तिला दिसलं. ती चालत मागे गेली, टेप ताणून धरायला लावली, परत आली आणि मग आकडा वाचला. पहिला मला ऐकू आला नाही. दुसरा आला. पाचवा रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाही आला असेल.

तू तिला शाबास म्हणाली नाहीस. हुशार तर नाहीच, तो शब्द तुझ्या वर्गात बंद होता. तू म्हणालीस, "तू वाचायच्या आधी टेप ताणून पाहिलीस. म्हणून आकडा बरोबर आला."

परत येताना मी तुझी चेष्टा केली. "एवढं लांबलचक काऊन बोलतं? शाबास म्हन न, काम खतम."

"शाबास म्हटलं तर थे माह्या तोंडाकडे पाह्यन," तू म्हणालीस. "मले तिनं टेपेकडे पाह्यलं पाह्यजे."

यावर आपला वाद किती वर्षं चालला ते मी मोजलेलं नाही, पण माझी मितू पाळण्यात होती तेव्हापासून ती सहावीत जाईपर्यंत तरी नक्की. ढ म्हणू नये, हे मला समजत होतं. ते कोणालाही समजतं. हुशार म्हणण्यात काय वाईट, हे समजत नव्हतं. चांगला शब्द आहे, पोराला बळ येतं, असं मी म्हणायचो. तू म्हणायचीस, "चांगल्या नावाचं ओझं जास्त राह्यते. वाईट नाव पोरगं फेकून देऊ पाह्यते. चांगलं नाव सांभाळत बसते."

एकदा तू हेच वेगळ्या तऱ्हेने सांगितलंस. सिंदीला असताना दादा, म्हणजे आपले वडील, जिनिंगमध्ये काट्यावर कापूस तोलत. घरी कोणी आलं की ओळख करून द्यायचे: "हा पोरगा हुशार, आन पोरगी मेहनती." मला वाटायचं, दोघांचं सारखंच कौतुक झालं. तू पन्नाशीला आल्यावर मला सांगितलंस, "मेहनती म्हनजे दुसरा नंबर, हे मले आठव्या वर्षी समजलतं. मंग मी मेहनतच करत राह्यली. दुसरं काई करून पाहावं असं वाटलंच नाई." हे सांगताना तू शांतपणे शेंगा सोलत होतीस. मी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. दादांच्या त्या वाक्यात मला पहिला नंबर मिळाला होता, म्हणून मला ते वाक्य लक्षातही राहिलं नव्हतं.

आणि मी मितूला तेच केलं. दुसरा नंबर नाही दिला, पहिला दिला.

ती चार वर्षांची असताना गाड्यांच्या नंबरांची बेरीज करायची. मला किती आनंद झाला ते तुला माहीत आहे. आपल्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर मी तिला उभी केली. सतरा नवे? एकशे त्रेपन्न. शेजारचे म्हणत, "मिलिंदभाऊ, तुमची पोरगी म्हनजे मशीनच आहे." मी म्हणायचो, "हुशार आहे. माह्यावर गेली." कपाटाच्या दारावर तिच्या प्रत्येक चाचणीचे गुण मी आलेख कागदावर लावून ठेवले होते. रेघ वर जात होती. तू एकदा त्या कागदापुढे उभी राहिलीस आणि म्हणालीस, "हे रेघ खाली आली त मितू कुठी जाईन?" मी म्हणालो, "खाली कायले येते?"

पाचवीनंतर ती रेघ हळू झाली. अपूर्णांक आले, ऋण संख्या आल्या. मितूने शंका विचारणं बंद केलं. विचारलं तर म्हणायची, "येतं मला." वही मिटून बसायची. मला वाटायचं, येत असेल. हुशार आहे.

सहावीतला तो पेपर. पंचवीसपैकी सतरा. ती माझ्या हातात देऊन लगेच आत गेली. मी सवयीने प्रत्येक प्रश्नाचे गुण मिळवले. बेरीज अकरा आली. पुन्हा मिळवले. अकराच. मग सतराकडे नीट पाहिलं. 11 मधल्या दुसऱ्या एकाच्या डोक्यावर आडवी रेघ ओढून त्याचा 7 केला होता. शाई लालच, पण लालात फरक होता. लोकांनी मोजणीच्या कागदांवर केलेली खाडाखोड मी आयुष्यभर ओळखत आलो. माझ्या घरातली ओळखायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

तो रविवार होता. मी मितूला दंडाला धरून अंगणातून तुझ्याकडे आणली. तू खाली बसून जुन्या लग्नपत्रिका कापत होतीस, वर्गासाठी अक्षरांची कार्डं करायला. मी पेपर तुझ्यापुढे टाकला.

"हे पाह्य तुह्या भाचीचे धंदे."

तू पेपर उचललास, चष्मा लावून पाहिलास, खाली ठेवलास. मला वाटलं, तू शिक्षिका आहेस, आता तू तिला बोलशील. तू कात्री बाजूला ठेवून विचारलंस, "मितू, हे सतरा कोनासाठी केले?"

मितूने खालच्या पेपराकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबांची मुलगी अकरावाली नाहीये न, आत्या."

तू फक्त मान हलवलीस. तिला म्हणालीस, "जा, आईले आमच्यासाठी चहा टाक म्हन." ती गेली.

ती गेल्यावर मी बोलायला लागलो. खोटेपणा, फसवणूक, आज आकडा बदलला, उद्या काय बदलेल. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तू बेरीज करतं हे तिले माहीत नाई का? घरातलं सारं लेकरू जानते. थे पकडली जाईन हे तिले ठाव होतं, बाबू. तरी केलं. चोर म्हनलं तरी चालन, पन अकरावाली म्हनलं नाई पाह्यजे. एवढं भेव तिच्या पोटात बसलं. कोनं बसवलं?"

"म्हनजे चूक माही?"

"चूक कोनाची थे मी नाई विचारत. तिच्या पोटात काय आहे थे सांगून राह्यली."

आणि मग मी ते वाक्य बोललो. आज ते जसंच्या तसं लिहितो, कारण गुळमुळीत करून लिहिलं तर माफीला अर्थ राहत नाही. मी म्हणालो, "तुले सोताचं लेकरू असतं त समजलं असतं. दुसऱ्यायच्या पोरायवर प्रयोग करनं सोपं राह्यते."

तुझ्या हातात एक कार्ड अर्धं कापलेलं होतं. ते तू पूर्ण कापलंस. कडा सरळ आली की नाही ते बघितलंस. मग म्हणालीस, "चहा घे. गार होऊन राह्यला."

मी चहा घेतला आणि निघून आलो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. तू मागून म्हणालीस, "थो पेपर मितूले देऊन टाक. तिचा आहे." मी म्हणालो, "नाई. रेकॉर्ड आहे." आणि तो पेपर मी घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत लावून ठेवला. सहा वर्षं तिथेच होता.

तू मला त्या वाक्याबद्दल कधी काही म्हणाली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी आंजीची बस पकडायला निघालीस, वंदनाला म्हणालीस, भाकरी एक जास्त दे. मी अंगणात दात घासत उभा होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. वाटलं, संध्याकाळी बोलू. संध्याकाळी तू मितूला बोलावून मागच्या पायरीवर बसवलंस आणि तुझे दोन प्रश्न सुरू झाले. आज काय जमलं? आज काय अडलं?

पहिल्याचं उत्तर ती द्यायची. दुसऱ्याचं रोज एकच: "काही नाही अडलं." तू म्हणायचीस, "बरं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला चीड यायची. जे अडत नाही ते कशाला खोदून काढायचं? चार महिने आणि काही दिवसांनी, माझी नोंद आहे, मितू म्हणाली, "अपूर्णांकाचा भागाकार अडतो. उलटा का करायचा ते समजत नाही." तू म्हणालीस, "मलेही एकदम नाई सांगता येत. कागद आन." तुम्ही दोघी भाकरीचे तुकडे करत बसलात. मी खिडकीतून पाहत होतो. माझी पोरगी, नाही येत म्हणत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कपाटावरचा आलेख कागद मी त्या आठवड्यात काढला. तुला सांगितलं नाही. तू पाहिलं असशील.

मीही तुझ्यासारखं बोलून पाहिलं. एकदा मितूची वही बघून म्हणालो, "तू… पाचही उदाहरणं… पायऱ्या लिहून सोडवलीस." ती हसायला लागली. "बाबा, आत्यासारखं नका बोलू. पावती वाचल्यासारखं वाटतं." तू आतून म्हणालीस, "वाचू दे. सवयीनं येईन." सहा वर्षं झाली. थोडं येतं आता.

रुग्णालयात मी तुला रोज आकडे सांगत होतो. ताप इतका, रक्तदाब इतका, पेशी काल इतक्या आज तितक्या. सातव्या दिवशी तू डोळे न उघडता म्हणालीस, "बाबू, आकडे नको सांगू. कशी दिसून राह्यली थे सांग." मी पाहिलं. म्हणालो, "थकलेली दिसतं." तू म्हणालीस, "आता बरोबर बोलला." त्या वेळी खोलीत आपण दोघेच होतो. ते वाक्य माझ्या ओठापर्यंत आलं होतं. मग नर्स बाटली बदलायला आली, आणि ती गेल्यावर मी पुन्हा तुझा तक्ता वाचायला घेतला.

कार्यक्रमाच्या दिवशी बरेच लोक बोलले. तुझ्या गावागावांतले विद्यार्थी आले होते. एक बाई कडेवर लेकरू घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "साहेब, ओळखलं का? पौर्णिमा. टेपेवाली." ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढते. या वेळी 'मी मागे बसते' म्हणाली नाही. जाताना तिने तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, आणि ती सरळ उभी राहते की नाही ते दोनदा पाहून मग हात जोडले.

बोलणाऱ्यांपैकी तिघांनी एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं, की बाईंना लेकरू नव्हतं कोण म्हणतं, ही सगळी त्यांचीच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. वाक्य मायेचं होतं, पण ते मला फार सोयीचं होतं. त्या वाक्याने माझं वाक्य फिटल्यासारखं झालं असतं. तुझ्या वहीतली पोरं तुझी नव्हती, ती आपापल्या आईबापांची होती आणि तू ते कधी विसरली नाहीस. तुला मूल नव्हतं. त्याचं तुला काय वाटत होतं ते मी कधी विचारलं नाही. ज्या जागेबद्दल मी कधी विचारलं नाही, तिथेच मी नेमकं मारलं. एवढंच खरं आहे.

चार दिवसांपूर्वी मी फाइलीतून तो पेपर काढला. मितू आता अठराची आहे, बी.एस्सी.ला गेली, गणितच घेतलं. तुझ्या मागच्या पायरीवर बसली होती. मी पेपर तिच्या हातात दिला. म्हणालो, "आत्या म्हणाली होती, हा तुझा आहे. द्यायला उशीर झाला."

तिने उलटूनपालटून पाहिला. "सात किती वाईट काढला मी," म्हणाली. मग प्रश्न वाचत खाली गेली. "चौथं आज सुटतं. सहावं बघावं लागेल."

मी उभाच होतो. मग तिला सांगितलं, की त्या दिवशी ती चहा सांगायला गेली तेव्हा मी तुला काय बोललो. वाक्य पूर्ण सांगितलं.

ती म्हणाली, "मला माहीत आहे, बाबा. चहा मीच आणला होता."

ताई, चहा माझ्यासमोर होता. गार होत होता. म्हणजे तो कोणीतरी आणून ठेवला होता. पेपरावरची बेरीज दोनदा करणाऱ्या माणसाने एवढा साधा हिशोब सहा वर्षं केला नाही.

मितूने सांगितलं, त्या संध्याकाळी ती तुझ्याकडे येऊन रडली होती आणि म्हणाली होती, बाबा वाईट आहेत. तू तिचं नाक पुसलंस आणि म्हणालीस, "तुहा बाबा आज वाईट बोलला. थे वरची ओळ. तुहा बाबा कसा आहे, थे खालची ओळ. एका ओळीत नाई लिहाचं."

"मग खालच्या ओळीत काय लिहायचं?" मितूने विचारलं होतं.

"थे तू नाई लिहाचं, मीही नाई. थे त्याले लिहू दे."

"आणि त्यांनी नाही लिहिलं तर?"

"जागा सोडून ठेवली आहे न," तू म्हणालीस.

म्हणजे सहा वर्षं तू माझं पान उघडं ठेवलं होतंस. मला वाटत होतं तू विसरलीस, किंवा माफ केलंस, किंवा मनात धरून बसलीस. यातलं काहीच नव्हतं. तू तिसरीतल्या पोरासाठी थांबायचीस, तशी माझ्यासाठी थांबली होतीस. आणि माझ्या पोरीच्या मनातला बाप तू त्या एका वाक्यात बुडू दिला नाहीस. ज्याला मी प्रयोग म्हणालो, त्यानेच मला सांभाळलं.

एकतिसाव्या वहीत शेवटची पानं कोरी आहेत. यंदाचा वर्ग तू पुरा केला नाहीस. त्या पोरांची जूनची वाक्यं आहेत, पुढची नाहीत. ती वही मी तुझ्या जागी आलेल्या शिक्षकाकडे नेऊन देणार आहे आणि मधली ओळ कोरी का सोडायची ते जमेल तसं सांगणार आहे. पण त्याआधी मागचं एक पान मी फाडून घेतलं. वहीचं पान फाडलेलं तुला आवडलं नसतं, तेही इथे लिहून ठेवतो.

त्या पानावर वरती लिहिलं: "एका रविवारी मिलिंद ताईला तिला मूल नसल्यावरून बोलला. ताई जिवंत असेपर्यंत माफी मागितली नाही. आता मागतो आहे." त्याखाली एक ओळ सोडली. तिच्याखाली पेन टेकवून काल आणि आज बसलो होतो.

मितू मागच्या दाराने आली. पायरीवर माझ्या शेजारी बसली. पान तिने पाहिलं, वाचलं की नाही ठाऊक नाही.

"आज काय जमलं, बाबा?"

"वरची ओळ."

"आणि काय अडलं?"

"खालची."

ती म्हणाली, "बरं."